डॅक तिसऱ्यांदा बदलला तरी हमिंग परत येतंच: आधी काय तपासायचं आणि डॅकचा प्रकार कधी बदलायचा

"तंबोरा कुणी लावलाय रे? पंचम उतरलाय."

अण्णा स्वयंपाकघराच्या दारातून हे म्हणाले, तेव्हा मी नुकताच आलेला डॅक (लॅपटॉपमधल्या आकड्यांचा ध्वनीचा सिग्नल करून ॲम्प्लिफायरला देणारी डबी) जोडून कौतुकाने ऐकत बसलो होतो. गायक काळी एकमध्ये गात होता आणि तंबोरे अर्थातच चोख लागलेले होते. गाणं थांबवलं. तरी अण्णांचा उतरलेला पंचम स्पीकरमधून येतच राहिला. बारीक, सलग, घुंऽऽ.

अण्णांचा कान अजिबात चुकला नव्हता. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झचा. खालचा पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४ हर्ट्झच्या जरासा अलीकडे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. लहान स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवू शकत नाहीत, त्यामुळे कानावर येते ती त्याची दुप्पट, १०० हर्ट्झ. आता १०४ च्या जागी १०० लागला तर तो उतरलेला पंचमच की. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचं ध्वनिमुद्रण लावलं तर आणखी पंचाईत. त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज ९८ हर्ट्झचा, हमिंग त्याला इतकं चिकटून बसतं की वेगळं कळतच नाही, नुसता तंबोरा घाणेरडा लागलाय असं वाटतं. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना हा बिघाड उशिरा सापडतो तो यामुळेच. पॉप गाणी ऐकणाऱ्याला गाण्यामधल्या शांततेत तो लगेच कळतो. आपल्याकडे तंबोरा शांतता ठेवतो कुठे?

तर तक्रार अशी: नवा डॅक घेतला, दोन-तीन दिवस छान, मग हमिंग परत. दीड वर्षात मी या चक्रातून तीनदा गेलो. पहिला डॅक यूएसबीवर चालणारी छोटी डबी, आत ईएसएस कंपनीची डेल्टा-सिग्मा प्रकारची चिप. दुसरा स्वतःचा ॲडॅप्टर असलेला, आत एकेएम कंपनीची, त्याच प्रकारची चिप. तिसरा बऱ्यापैकी महागाचा आर-टू-आर, म्हणजे आत रेझिस्टरची शिडी असलेला (या प्रकारांबद्दल पुढे सांगतो), कारण तोवर माझी पक्की खात्री झाली होती की डेल्टा-सिग्मा जातच खोटी. तिन्ही वेळा गोष्ट तीच. नवा डॅक आला की शांतता, मग माझं कौतुक, मग हमिंग, मग चिपला शिव्या.

ते सोडवलं माझ्या मावसभावाने. तो इथे नाशिकला अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. इंदिरानगरला आमच्याकडे रविवारी जेवायला आला होता. माझं रडगाणं ऐकून त्याने एकच विचारलं.

"नवीन डबा तपासतोस तेव्हा लॅपटॉप चार्जिंगला असतो का?"

नसतो. नवीन वस्तू आली की मी लॅपटॉप उचलून ॲम्प्लिफायरजवळ नेतो, जमिनीवर मांडी घालतो आणि बॅटरीवर ऐकतो. दोन-तीन दिवसांनी कौतुक ओसरलं की लॅपटॉप टेबलावर जातो, चार्जर लागतो आणि हमिंग सुरू होतं. म्हणजे दर वेळी मी तपासतानाच बिघाड दूर करून ठेवत होतो आणि त्याचं श्रेय डॅकला देत होतो. त्याने चार्जरची पिन काढली, लावली, काढली, लावली. घुंऽऽ, शांत, घुंऽऽ, शांत. बायको आतून म्हणाली, "हे दीड वर्षापूर्वी का नाही केलंत?" उत्तर नव्हतं.

आवाज कसला, ते आधी ठरवा

काहीही विकत घेण्याआधी पाच मिनिटं हे करा. गाणं थांबवा, ॲम्प्लिफायर नेहमीच्या आवाजापेक्षा थोडा वर ठेवा आणि ऐका.

खालच्या सुरातला सलग घुंऽऽ असेल, तर ते विजेचं ५० किंवा १०० हर्ट्झचं हमिंग. मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या, मोबाईल स्पीकरला टेकवा. ५०, १००, १५० वर काट्यांसारख्या रेषा दिसल्या की संपला प्रश्न.

बारीक चिंऽऽ किंवा किरकिर असेल, माऊस हलवला, पान सरकवलं की बदलत असेल, तर तो संगणकाचा यूएसबीमधून येणारा कचरा. यूएसबी दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवतं, हाय-स्पीडमध्ये त्याचेही आठ तुकडे करतं. त्यामुळे अशा किरकिरीत १ किलोहर्ट्झ आणि ८ किलोहर्ट्झचे सूर हमखास सापडतात.

नुसतं सुंऽऽ असेल, पाऊस लांबून ऐकू यावा तसं, आणि व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल, तर ती बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरची किंवा गेनच्या जोडणीची गोष्ट. तिच्यामागे लागू नका, बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

गाणं चालू असतानाच टक्-टक् होत असेल, तर तो बफरचा किंवा ड्रायव्हरचा प्रश्न. बफर वाढवा, यूएसबी हब काढून थेट लॅपटॉपला जोडा. त्याबद्दल इथे एवढंच.

या चारांपैकी एकाही आवाजाचं कारण सहसा डॅकची चिप नसते. पुढे हमिंगचंच बोलतो, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं तेच असतं.

चिपचा दोष का नाही

लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा, म्हणजे लॅपटॉप अर्थिंगला जोडलेला. यूएसबीच्या ग्राउंडमधून डॅक जोडलेला. डॅकमधून आरसीए केबलच्या (लाल-पांढऱ्या टोकांची ती) बाहेरच्या जाळीने ॲम्प्लिफायर जोडलेला. माझा ॲम्प्लिफायर जुना, दोन पिनचा, त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. हमिंग यायला दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरून येणारा तारांचा वळसा, म्हणजे ग्राउंड लूप लागतो. मग तो वळसा पुरा कुठे होत होता? टीव्हीपाशी. अण्णांना बातम्या मोठ्या आवाजात लागतात म्हणून टीव्हीची आरसीए केबल त्याच ॲम्प्लिफायरला लावलेली. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, सेट-टॉप बॉक्सला केबलवाल्याची तार, आणि त्या तारेची जाळी इमारतीत दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा तरी व्होल्टेजचा फरक असतोच. तो फरक या वळशातून करंट फिरवतो.

हा करंट आरसीए केबलच्या जाळीतून जातो तेव्हा काय होतं ते आकड्यांत बघा. जाळीचा आणि जोडांचा मिळून रोध ०.०५ ओहम धरा, करंट १० मिलिअँपियर. म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट. डॅकचा पूर्ण सिग्नल २ व्होल्ट. अर्धा मिलिव्होल्ट त्याच्या ७२ डेसिबल खाली. ऐकायला छोटं वाटतं, पण १६ बिटांच्या सीडीची झेप ९६ डेसिबल आणि एक बिट म्हणजे ६ डेसिबल. ७२ डेसिबलवर हमिंग बसलं की १६ बिटांपैकी खालचे ४ बिट चिखलात गेले. आजची बरी डेल्टा-सिग्मा चिप ११५-१२० डेसिबल सहज देते. म्हणजे मी १२० डेसिबलचा डॅक आणून ७२ डेसिबलच्या तारेला जोडत होतो. शिवाय हा कचरा चिपच्या पुढे, केबलमध्ये मिसळतो. आत शिडी असो, सिग्मा असो नाहीतर चिंचोके असोत, त्याला फरक पडत नाही.

वळसा कुठे आहे ते शोधणं

क्रम महत्त्वाचा. एका वेळी एकच तार.

आधी ॲम्प्लिफायरमागच्या सगळ्या इनपुट तारा काढा. तरीही घुंऽऽ येत असेल तर बिघाड ॲम्प्लिफायरमध्येच. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये फिल्टरचे कपॅसिटर वाळतात आणि १०० हर्ट्झ गळायला लागतो. तो मेकॅनिककडे न्या, हा लेख इथेच सोडा.

शांत असेल तर सगळ्या तारा होत्या तशा परत जोडा. लॅपटॉप बॅटरीवर. शांत? आता चार्जर लावा. इथे हमिंग आलं तर वळशाचं एक टोक सापडलं. चार्जर तसाच ठेवा आणि दुसरं टोक शोधा: टीव्हीची केबल, सेट-टॉप बॉक्सची तार, ब्रॉडबँडच्या राऊटरकडून आलेली लॅनची केबल, सबवूफरचा तीन पिनचा प्लग. एकेक काढत जा. आमच्याकडे सेट-टॉप बॉक्सच्या मागची स्क्रूवाली तार सोडवली त्या क्षणी आवाज गेला, चार्जर लावलेला असूनही.

दोन पिनच्या चार्जरवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, पण आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून किंचित करंट गळतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची पाठ हलकेच फिरवली तर मुंग्या आल्यासारखं किंवा खरखरीत लागतं, तो तोच. हा करंटही आरसीएच्या जाळीतून वाट काढतो आणि गुणगुणतो. अशा वेळी लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने निम्मा उतरतो.

आता एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. चार्जरची तिसरी पिन कापू नका. तिच्यावर टेप लावू नका. तीनचं दोन करणारा तो ॲडॅप्टरही नको. हमिंग जातं, खरं आहे, पण ज्या दिवशी आतलं इन्सुलेशन जाईल त्या दिवशी २३० व्होल्ट तुमच्या डॅकच्या धातूच्या डब्यावर आणि हातातल्या हेडफोनच्या जॅकवर असतील.

उलट अर्थिंग आहे का तेच आधी तपासा. पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूला माझा एक मित्र जुन्या वाड्यात राहतो. त्याच्याकडे तीन पिनचे सॉकेट छान बसवलेले आहेत, मागे तिसरी वायरच नाही. मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रल २३२ आणि फेज-अर्थ कधी ८०, कधी ११०, हात हलवला की बदलणारा आकडा. हवेत लटकणारं अर्थिंग असंच दिसतं. धड असेल तर फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकाच यायला हवा आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. ज्यांना सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नाही त्यांनी वायरमनला बोलवा. शिवाय अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये हमिंग वाढतं आणि पावसाळ्यात आपोआप कमी होतं अशी कुणाची तक्रार असेल तर आधी खड्ड्यात पाणी ओता, मग डॅक बघा.

तोडगा, आणि दोन फसलेले तोडगे

ऑप्टिकल केबल. तिच्यातून फक्त लाल प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून वळसा तुटतो. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं, डॅकला ऑप्टिकल इनपुट होतं, आणि दीड वर्ष दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. एम. जी. रोडवरून केबल आणली, टीव्ही ऑप्टिकलने डॅकला जोडला, टीव्ही ते ॲम्प्लिफायर ही आरसीए काढून टाकली. लॅपटॉप यूएसबीवरच राहिला, चार्जरसकट. हमिंग शून्य. तीन डॅकच्या किमतीपुढे केबलचे साडेतीनशे रुपये मी कुणाला सांगत नाही.

हे करताना एक हमखास अडतं. ऑप्टिकल लावल्यावर टीव्हीचा आवाजच येत नाही, किंवा नुसती फरफर येते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट डॉल्बी किंवा ऑटोवर असतं. ते पीसीएम, म्हणजे साधं स्टिरिओ करा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही.

ज्यांच्याकडे टीव्हीचा संबंधच नाही, त्यांनी लॅपटॉपपाशी यूएसबीचं ऑप्टिकल करणारी छोटी डबी लावावी आणि तिथून ऑप्टिकल डॅकला न्यावं. अट एकच, डॅकला वीज त्याच्या स्वतःच्या ॲडॅप्टरने द्यायची. डॅक ऑप्टिकलवर आणि वीज मात्र लॅपटॉपच्या यूएसबीतून, असं केलं तर पुढचं दार लावून मागचं उघडं. आणि ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ९६ हजार नमुने) निर्धास्त चालतं, १९२ ची खात्री धरू नका. माझ्या संग्रहातलं नव्वद टक्के सीडीच्या ४४.१ चंच आहे, मला ते कधी आड आलं नाही.

फसलेला पहिला तोडगा: गाडीच्या ऑडिओच्या दुकानात मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. हमिंग खरंच गेलं. पण बायाची घुमक सपाट झाली, पखवाज पुठ्ठ्याचा वाटायला लागला. स्वस्तातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला खालचे सूर झेपत नाहीत. वळसाच कारण आहे का हे दहा मिनिटांत तपासायला ती डबी उत्तम, कायम ठेवायला नको.

दुसरा: स्वस्त यूएसबी आयसोलेटर. यातल्या बहुतेक पट्ट्यांवर एडीयूएम ३१६० किंवा ४१६० ही चिप असते आणि ती फुल-स्पीडचीच, सेकंदाला १२ मेगाबिट. जे डॅक हाय-स्पीड यूएसबीच मागतात ते तिच्यामागे दिसतच नाहीत. माझा आर-टू-आर दिसलाच नाही, जुनी डबी मात्र २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत मुकाट चालली. हाय-स्पीडचे आयसोलेटर मिळतात, पण किंमत ऐकून बसा.

मग प्रकारांत फरक काहीच नाही का?

आहे. पण तो हमिंग गेल्यावरच ऐकू येतो, आणि जाहिरातीत सांगतात तिथे नसतो.

आर-टू-आर म्हणजे रेझिस्टरची शिडी. फक्त दोन किमतींचे रेझिस्टर, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि प्रत्येक बिटाला एक स्विच. सगळ्यात मोठा बिट निम्मा व्होल्टेज देतो, पुढचा त्याच्या निम्मा, असं खाली खाली. कल्पना इतकी सरळ आहे की वहीच्या पानावर काढता येते. अडचण अचूकतेची. १६ बिटांच्या ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी ०.००१५ टक्क्यांची. ०.०१ टक्के अचूक रेझिस्टर सुद्धा यापेक्षा सहापट ढोबळ. साध्या शिडीत सगळ्यात मोठा बिट पालटतो तो नेमका लहरीच्या मध्यावर, शून्यापाशी, आणि हळू आवाज तिथेच तर राहतो. आलापाची शेवटची मींड विरत जाते ना, तिथे वाईट शिडी खरखरते. चांगले कारागीर यावर उपाय करतात. बर-ब्राऊनच्या पीसीएम १७०४ चिपमध्ये धन आणि ऋण बाजूंना वेगळ्या शिड्या होत्या त्या याचसाठी.

डेल्टा-सिग्मा उलट वाटेने जातो. इस्त्री आठवा. थर्मोस्टॅट फक्त चालू किंवा बंद करतो, तरी पत्रा कसा एकसारखा गरम राहतो. डेल्टा-सिग्मात पायऱ्या थोड्याच, पण त्या सेकंदाला लाखो वेळा बदलतात. डीएसडी नावाच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकारात तर एकच बिट, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. इतक्या ढोबळ पायऱ्यांनी जो गोंगाट होतो तो गणिताने २० किलोहर्ट्झच्या वर ढकलतात आणि मग गाळून टाकतात. रेझिस्टरची अचूकता इथे फारशी लागत नाही, म्हणून चिप स्वस्त पडते आणि मोजमापात बहुतेक शिड्यांना मागे टाकते.

"सिग्मा म्हणजे काटकसर, शिडी म्हणजे खानदानी" असं मीही बोलायचो. पण १९८२ साली सीडी आली तेव्हा फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये टीडीए १५४० ही १४ बिटांची चिप होती. सीडी १६ बिटांची, चिप १४ ची. चारपट ओव्हरसॅम्पलिंग (दोन नमुन्यांमधले नमुने हिशोबाने भरणं) आणि नॉइज शेपिंग (गोंगाट वर ढकलणं) करून तिच्याकडून १६ बिटांचं काम काढून घ्यायचे. म्हणजे गोंगाट वर ढकलायची युक्ती पहिल्या दिवसापासून घरात आहे.

आज शिड्यांची चलती दिसते तिला गाण्याबाहेरचंही कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या. काही कंपन्या ईएसएसकडे वळल्या, काहींनी सुट्या रेझिस्टरच्या स्वतःच्या शिड्या बांधल्या.

तिसरा शब्द एनओएस, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग न करणारा. पुष्कळ जण एनओएस आणि आर-टू-आर एकच धरतात, ते चूक. एक म्हणजे आतली यंत्रणा, दुसरं म्हणजे काम करायची पद्धत. माझ्या शिडीवाल्या डॅकवर बटण आहे, ओव्हरसॅम्पलिंग चालूही करता येतं. बंद केलं की प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, लहर पायऱ्या-पायऱ्यांची होते. ४४.१ किलोहर्ट्झवर याचा हिशोब ठरलेला आहे: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडं जास्त कमी. याखेरीज २२.०५ च्या वर आरशातल्यासारख्या प्रतिमा उरतात. लोक ज्याला "ॲनालॉग गोडवा" म्हणतात त्यातला मोठा भाग म्हणजे हा उतार. टोन कंट्रोलचा ट्रेबल किंचित खाली आणला तरी त्याच्या जवळपास पोचता येतं. मित्राने घरी जोडलेल्या, टीडीए १५४३ चिपच्या किटवर मी ते करून पाहिलं आहे.

डेल्टा-सिग्मा डॅकवर पाच-सहा फिल्टरची नावं असतात, त्यावर मी एक अख्खा महिना घालवला. तुम्ही घालवू नका.

बरोबरीने ऐकायचं तर

माझ्या शिडीचा आउटपुट २.५ व्होल्ट आणि एकेएमवाल्याचा २.० व्होल्ट निघाला. हा जवळजवळ २ डेसिबलचा फरक झाला. दोन डेसिबल मोठा आवाज कानाला "मोठा" वाटत नाही, "भरदार", "मोकळा" आणि "जिवंत" वाटतो. शिडी घेतल्यावर मी मित्रांना पाठवलेल्या मेसेजमध्ये हेच तीन शब्द होते.

समान कसे करायचे: १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही डॅकचा आउटपुट मोजा. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झवर थापा मारतात, १०० वर बहुधा खरं बोलतात. मग मोठ्या आवाजाच्या डॅकचा डिजिटल व्हॉल्यूम उतरवा. २.०० आणि २.०५ व्होल्ट म्हणजे ०.२ डेसिबल, तिथपर्यंत आणलं की पुरे. डॅक कुठला लागलाय ते तुम्हाला न सांगता दुसऱ्याने बदलायला हवा. आमच्याकडे हे काम मुलीने केलं, दर फेरीला पाच रुपये घेऊन.

ओव्हरसॅम्पलिंग चालू असलेली शिडी विरुद्ध डेल्टा-सिग्मा: मी दहापैकी सहा वेळा बरोबर. नाणं उडवलं तरी इतके येतात. एनओएस विरुद्ध डेल्टा-सिग्मा, नव्या ध्वनिमुद्रणातल्या झांजा लावून: दहापैकी नऊ. झांजेची टोकाची झळाळी एनओएसमध्ये थोडी मळते, एकदा कळली की लपत नाही. तीच चाचणी द. वि. पलुस्करांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर केली. अण्णांचे ते दैवत, शिवाय १९२१ साली जन्मलेले आपल्या नाशिकचेच. तिथे मी दहापैकी पाच. तबकड्यांच्या काळातल्या त्या मुद्रणांत वरच्या टोकाला मुळात फारसं काही नाहीच, तर एनओएस उतरवणार काय?

त्यामुळे कुणी विचारलं तर मी असं सांगतो. जुनं शास्त्रीय, नाट्यसंगीत, रेडिओवरची ध्वनिमुद्रणं हाच संग्रह असेल तर कुठलाही प्रकार घ्या, पैसे स्पीकरवर घाला. नवी ध्वनिमुद्रणं कर्कश वाटत असतील आणि टोन कंट्रोल नसेल तर एनओएसची सोय असलेला डॅक कामाचा. बाकी सगळ्यांना साधा डेल्टा-सिग्मा पुरतो, फक्त त्याला ऑप्टिकल इनपुट आणि स्वतःचा ॲडॅप्टर असू द्या. खोक्यावर चिपचं नाव काय आहे यापेक्षा मागे कुठली भोकं आहेत ते आधी बघा.

मोबाईलवरून ऐकणाऱ्यांसाठी एक: अँड्रॉइड बऱ्याच फोनवर ४४.१ चं ४८ करून पाठवतं, डॅकच्या पडद्यावर आकडा दिसतो. अँड्रॉइड १४ पासून ॲपला यूएसबीवर जसंच्या तसं पाठवायची सोय आली आहे, पण फोन आणि ॲप दोघांनी ती वापरायला हवी. ४८ दिसलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. हमिंगशी त्याचा काही संबंध नाही.

मी शेवटी एकेएमवाला ठेवला. शिडी पंचवटीच्या मित्राला दिली, त्याने आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं या अटीवर. आमच्याकडे एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वीज गेली की जुना इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो आणि ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतो, तिथे ऑप्टिकलचा उपाय चालत नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेईपर्यंत वीज गेली की स्पीकर बंद. अण्णा तेवढ्या वेळात पेटी काढून बसतात.